हॉलमध्ये फुल्ल, आतल्या खोलीत गुल!

प्रत्येक घराचा एक नकाशा असतो. बिल्डरने ब्रोशरमध्ये छापलेला नव्हे, खरा! त्यात हॉल, किचन, मास्टर बेडरूम असलं काही नसतं. ‘इथे रेंज येते’, ‘इथे कशीबशी येते’ आणि ‘इथे विसरा’ एवढे तीनच विभाग असतात. घरातल्या सगळ्यांना तो पाठ असतो. ऑफिसचा कॉल आला की पावलं आपोआप बाल्कनीच्या दाराकडे वळतात. पाहुणे पाण्याच्या पेल्याआधी पासवर्ड मागतात आणि त्यांना पासवर्डसोबत फुकट सल्लाही मिळतो, ‘त्या खुर्चीत बसा, तिकडे चांगलं येतं.’

गंमत म्हणजे हा नकाशा आपण मुकाट्याने मान्य केलेला असतो. नळाला पाणी सकाळी येतं, तसं वाय-फाय सोफ्यावर येतं. बास!

तुमच्यापैकी काहींना लँडलाइनचे दिवस आठवत असतील. नसतील तर आई-बाबांना विचारा. फोन हॉलमध्ये, त्याच्यावर क्रोशाचं झाकण, आणि ज्याला बोलायचं त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, उभ्याने बोलायचं. मग एखाद्या घरात ‘पॅरलल फोन’ यायचा. लाइन तीच, नंबर तोच, पण आतल्या खोलीत दुसरं यंत्र. त्या दिवशी घरातल्या कॉलेजकन्येला जो काही आनंद व्हायचा, तो शब्दांत सांगता येणार नाही!

मी आज सांगणार आहे ती गोष्ट थोडक्यात तशीच आहे. वाय-फायच्या पॅरलल फोनची.

आगगाडीसारखं घर

आमचं घर कोथरूडला. १९८९ ची तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. बाबांनी आधी एक फ्लॅट घेतला. २००१ मध्ये शेजारचे काका मुलाकडे राहायला गेले, तेव्हा त्यांचाही घेतला आणि मधल्या भिंतीत दरवाजा पाडला. पुण्यात याला ‘जोड-फ्लॅट’ म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण घर झालं आगगाडीसारखं. एका टोकाला हॉल, दुसऱ्या टोकाला आईची खोली, आणि मध्ये स्वयंपाकघर, माझी खोली, पॅसेज, दोन बाथरूम, फ्रीज, लोखंडी कपाट आणि ती नऊ इंची मधली भिंत.

इंटरनेटची फायबर आली हॉलच्या बाल्कनीतून. वायर जिथे संपली, तिथे त्या माणसाने राउटर ठोकला आणि तो गेला. तुमच्याकडेही असंच झालं असणार. घरात कोण कुठे बसतं, कोणाला कशासाठी नेट लागतं, हे कोणी विचारतच नाही. वायरला जे सोयीचं, ते घराने सोसायचं.

आता आईबद्दल. आई शाळेत मराठी शिकवायची. २०१९ मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच मार्चमध्ये लॉकडाउन लागला. त्या काळात न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्यांनी विचारलं, ‘आमच्या दोघांना मराठी वाचायला शिकवाल का?’ दोघांचे पाच झाले, पाचांचे चौदा. दर शनिवारी, तिकडे सकाळचे दहा वाजले की इकडे आमचे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. घरात त्या वेळी टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या चालू. त्यामुळे वर्ग भरायला हवा तो आईच्या शांत खोलीत. आणि नेमकी तिथे रेंज गुल!

मी नोकरीसाठी हैदराबादला होते, २०२३ मध्ये परत आले. पहिल्याच शनिवारी पाहिलं, तर आईने पॅसेजमध्ये बाथरूमच्या दाराशी एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकली होती. समोर स्टुलावर टॅब, मांडीवर बाराखडीचा तक्ता. कारण तिथपर्यंत दोन कांड्या यायच्या. कोणी आत गेलं की फ्लशचा आवाज थेट न्यू जर्सीत! पोरं खिदळायची. आई हसून सावरून घ्यायची. पण मध्येच चित्र थिजायचं, तिचा आवाज तुटायचा, आणि ‘ळ’ म्हणताना जीभ कशी वळवायची हे दाखवत असतानाच ती स्क्रीनवर पुतळा व्हायची. त्या महिन्यात तीन मुलांच्या पालकांनी मेसेज पाठवले. अगदी नम्र, पण अर्थ एकच होता. आई मला म्हणाली, ‘राहू दे गं आता, बंदच करते. बाबांना उगाच त्रास.’

आई शिकवणं सोडणार, आणि तेही रेंज येत नाही म्हणून? डोक्याला शॉट बसला.

तीन पुरुष, तीन उपाय

प्रयत्न झाले नव्हते असं नाही. जाम झाले होते.

पहिला उपाय बाबांचा. सहा अँटेनांचा एक काळाकुट्ट राउटर त्यांनी आणला होता. उलटा ठेवलेला खेकडाच जणू! दुकानदार म्हणाला होता, ‘साहेब, बंगल्याला पुरेल.’ हॉलमध्ये वेग वाढला. आईच्या खोलीत कांड्याही एकीच्या दोन झाल्या. पण वर्ग तुटायचा तो तुटायचाच.

याचं कारण फार साधं आहे. वाय-फाय म्हणजे रेडिओ स्टेशन नव्हे. रेडिओवर एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. वाय-फायमध्ये दोघांनाही बोलायचं असतं. राउटर भले मोठ्याने ओरडेल, पण आईच्या टॅबचा आवाज लहान. त्याची बॅटरी लहान, अँटेना लहान. राउटरचं त्याला ऐकू येतं, त्याचं राउटरला येत नाही. आणि शिकवणारी बाई टॅबच्या बाजूला बसलेली! तिचा चेहरा आणि आवाज त्या लहान आवाजातूनच जायचा. शिवाय राउटरच्या ओरडण्यालाही कायद्याने मर्यादा आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापराला मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग २०१८ मध्ये. पण दोन्हीकडे किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याची कमाल पातळी ठरलेली आहे. म्हणजे खेकड्याला आणखी दहा नांग्या फुटल्या, तरी आवाज ठरावीकच.

दुसरा उपाय धाकट्या भावाचा, रिपीटरचा. सॉकेटमध्ये खुपसायचा की झालं! त्याने तो आईच्या खोलीतच लावला. टॅबवर कांड्या एकदम फुल्ल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि वर्ग आणखी वाईट तुटायला लागला.

कारण कांड्या दाखवत होत्या टॅब ते रिपीटर एवढंच, म्हणजे चार फुटांचं अंतर. रिपीटर ते राउटर या पुढच्या प्रवासाबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. रिपीटर बसला होता नेमका तिथे, जिथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं. त्यात स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर तेच पुन्हा सांगतो. एका कानाने ऐकताना तोंड बंद, बोलताना कान बंद. वेग साधारण निम्म्यावर येतो तो यामुळे. अशा निरोप्याला निदान घराच्या मध्यावर तरी उभं करायला हवं.

तिसरा उपाय इंटरनेट कंपनीच्या फोनवरच्या मुलाचा. ‘मॅडम, शंभरचा प्लॅन आहे तुमचा. दोनशेचा घ्या.’ बाबा घेणारही होते. पण गच्चीवरची टाकी भरलेली असताना नळाला धार नसेल, तर तुम्ही दुसरी टाकी बसवता की पाइप बघता? व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. आमच्याकडे दारापर्यंत शंभर येत होते. पाणी पुरेसं होतं, पाइप गचाळ होता.

कांड्यांवर जाऊ नका

मग एका रविवारी मी घराची मोजणी केली. फोनवर वाय-फाय मोजणारं फुकटचं अ‍ॅप घेतलं, कागदावर घराचा आराखडा काढला आणि प्रत्येक खोलीत उभी राहून आकडा लिहिला. बाबा म्हणाले, ‘अगं, तलाठी आहेस का?’

हा आकडा डीबीएममध्ये येतो आणि नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. हॉलमध्ये उणे ३८. स्वयंपाकघरात उणे ६०. माझ्या खोलीत उणे ६६. पॅसेजमधल्या आईच्या खुर्चीपाशी उणे ७६. आईच्या खोलीत उणे ८३.

३८ आणि ८३, फरक फार वाटत नाही ना? पण हे माप सरळ नाही. तीनने खाली गेलं की सिग्नल निम्मा होतो, दहाने गेलं की एक दशांश. म्हणजे हॉलच्या तुलनेत आईच्या खोलीत सिग्नल तीस हजार पटींहून अधिक क्षीण होता! व्हिडिओ कॉलला उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा, असा नेटवर्कवाल्यांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने आमचं निम्मं घर नापास.

दुसरी गोष्ट दिसली ती शेजाऱ्यांची. संध्याकाळी साडेसातला आमच्या पॅसेजमध्ये तेवीस नेटवर्कं दिसत होती. वरचे, खालचे, समोरच्या बिल्डिंगमधले, सगळे. २.४ गिगाहर्ट्‌झवर आपल्याकडे चॅनेल तेरा असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावणारे जेमतेम तीन निघतात, १, ६ आणि ११. तीन रस्ते आणि तेवीस गाड्या, कर्वे रोडच की! मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवरच चालतो, त्यामुळे कोणी भात गरम करायला घेतला की या गर्दीत आणखी एक ट्रक.

५ गिगाहर्ट्‌झवर रस्ते भरपूर आणि वेगही जास्त. पण त्या लहरी भिंतींना लवकर हार मानतात. साधी विटांची भिंत एकवेळ चालते. काँक्रीटचा खांब, टाइल लावलेलं बाथरूम, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे खरे व्हिलन. आमच्या हॉलपासून आईच्या खोलीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती दोन बाथरूम आणि कपाट छेदून जाते. म्हणजे रामायणातल्यासारखं वाटेत एकामागून एक राक्षस!

तेव्हा निष्कर्ष एकच होता. लांबून ओरडण्यात अर्थ नाही. जवळ जाऊन हळू बोलायला हवं.

वायरलेसचा फंडा म्हणजे वायर

जवळ जाऊन बोलणारं जे यंत्र असतं, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. ऑफिसात छताला चिकटवलेल्या पांढऱ्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील, त्याच. तुमच्या ऑफिसात कुठेही फिरा, कॉल तुटत नाही, कारण दर थोड्या अंतरावर एक तबकडी आहे आणि प्रत्येक तबकडीपर्यंत वायर गेलेली आहे. कळीची गोष्ट आहे ती वायर. हवेतून जायचं ते फक्त शेवटचे दहा-पंधरा फूट. त्याआधीचा प्रवास तांब्यातून. तिथे ना भिंत, ना शेजारी, ना मायक्रोवेव्ह.

घरात ही वायर टाकायची म्हटल्यावर पहिला विरोध अर्थातच बाबांचा. ‘दिवाळीला रंग दिलाय. भिंतींना भोकं पाडायची नाहीत!’ यावर बरीच चर्चा झाली, म्हणजे भांडण झालं. शेवटी तह असा ठरला: वायर माळ्यावरून न्यायची, भोकं फक्त दोन आणि तीही माळ्यावर, जिथे पाहुणे बघत नाहीत. खाली उतरताना पांढऱ्या केसिंग पट्टीतून.

केबल आणायला मी तपकीर गल्लीत गेले. तिथे एक गोष्ट शिकले, ती तुम्हालाही सांगते. ‘कॅट सिक्स’ एवढंच वाचून घेऊ नका. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. निखळ तांब्याचीच मागा. महाग पडते, पण भिंतीतलं काम पुन्हा पुन्हा होत नाही. अंतराची काळजी नको, ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आपल्या घरांना तीस-चाळीस मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी.

इलेक्ट्रिशियन दादा आले. ते म्हणाले, ‘ताई, लाइटच्या पाइपातूनच ओढून देतो की. एका तासात काम!’ मी हात जोडले. विजेच्या तारांसोबत नेटची केबल एका पाइपात घालायची नसते. एक तर सिग्नलला त्रास, आणि दुसरं म्हणजे कुठे तार सोलवटली तर जिवाशी खेळ. दोघांची बिऱ्हाडं वेगळी हवीत. दादा जरा नाराज झाले, पण माळ्यावर चढले. नऊ इंची भिंतीला आरपार भोक पाडायला त्यांना वीस मिनिटं लागली. १९८९ चं बांधकाम, काय मस्करी आहे? शेवटी केबलची टोकं क्रिम्प करायला गल्लीतल्या केबलवाल्याचा मुलगा आला.

आता मांडणी ऐका. हॉलमध्ये कंपनीचा डबा होता तसाच राहिला. आईच्या खोलीत छताला नवी तबकडी लागली. आणि मध्ये, माझ्या खोलीत काय लावलं असेल? बाबांचा खेकडा! जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट बनवता येतं, हे फार लोकांना माहीत नसतं. बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एपी मोड’ असतो, तो निवडायचा. नसेल, तर त्याचं डीएचसीपी बंद करायचं आणि मुख्य राउटरशी जुळणारा पण वेगळा पत्ता देऊन केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावायची. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला पत्ता वाटून देणारा पोस्टमास्तर. एका गावात दोन पोस्टमास्तर झाले की पत्रं हरवतात. तो एकच हवा, हॉलमधला.

खेकडा कामाला लागला तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. ‘मी म्हटलं नव्हतं, चांगला आहे म्हणून?’ हो बाबा, चांगलाच होता. जागा चुकीची होती.

फोनला सोडवत नाही

तिन्हींना नाव एकच दिलं, पासवर्ड एकच आणि सुरक्षेची पद्धतही एकच, म्हणजे फोनला ते एकच नेटवर्क वाटतं. चॅनेल मात्र तीन वेगळे: हॉलला १, मला ६, आईला ११. म्हणजे घरातल्या घरात तरी धक्काबुक्की नको.

तरीही पहिल्या दोन दिवसांत एक गडबड दिसली. आई टॅब घेऊन हॉलमधून खोलीत गेली की टॅब हॉललाच चिकटून राही. डोक्यावर नवीकोरी तबकडी आणि हा बसलाय साठ फुटांवरच्या डब्याशी गुलूगुलू बोलत!

त्याचं असं आहे की कोणत्या ॲक्सेस पॉइंटला जोडायचं हे ॲक्सेस पॉइंट ठरवत नाही, फोन ठरवतो. आणि फोन असतो मुलखाचा चिवट. जुनी ओळख अगदी मरायला टेकल्याशिवाय सोडत नाही. आयफोन साधारण उणे ७० पर्यंत दम धरतो आणि मग दुसरा शोधायला लागतो. बाकीच्या फोनांचे आपापले नखरे. यावरचा उपाय ऐकून बाबांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी हॉलच्या डब्याची आणि खेकड्याची ताकद कमी केली. सेटिंगमध्ये ‘हाय’ होतं, ते ‘लो’ केलं. हॉलचा आवाज हॉलपुरताच राहिला, की मागच्या खोलीत टॅबला तो मोहच पडत नाही. तो निमूट जवळचा धरतो. काही यंत्रांमध्ये ८०२.११ के, व्ही आणि आर अशा सोयी असतात. त्यांतल्या पहिल्या दोन ‘शेजारी बरा पर्याय आहे हो’ असं फोनला सुचवतात आणि तिसरी बदल झटपट करून देते. असतील तर चालू करा. पण सूचना ही सूचनाच, ऐकायचं की नाही हे शेवटी फोनवर.

जास्त यंत्रं आणि प्रत्येकाची ताकद कमी, हा सगळ्या प्रकरणाचा सार आहे. आपल्याला सवय असते उलट विचार करायची.

आणखी एक स्थानिक अडचण होती. आमचे बाबा रात्री झोपताना घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात. टीव्हीचं, गिझरचं, चार्जरचं, ज्याला लाल दिवा असेल त्याचं. आईच्या तबकडीचं बटण असतं, तर ती रोज रात्री मेली असती. पण या तबकडीला वीज त्याच नेटच्या केबलमधून जाते. ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, म्हणजे पीओई. सोबत मिळालेला छोटा ठोकळा हॉलमध्ये राउटरशेजारी ठेवला आणि दोघांना मिळून इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. आता वीज गेली तरी वर्ग चालू. बाबांना तिथे बटणच सापडत नाही!

सगळा खर्च नऊ हजारांच्या आत आला. तबकडी, केबल, पट्ट्या, दादांची मजुरी आणि केबलवाल्याच्या मुलाला चहा-वडापाव. प्लॅन तोच, शंभरचा. आईच्या खोलीत पूर्वी रडतखडत तीन एमबीपीएस मिळायचे, आता नव्वदच्या वर. आकडा उणे ८३ चा झाला उणे ४५.

त्या शनिवारी आईने खोलीचं दार लावून घेतलं. आपल्याच खोलीत, आपल्याच टेबलाशी, दार लावून, चार वर्षांत पहिल्यांदा. बाहेर आम्हाला फक्त कोरसमध्ये ‘बाळ, फळा, शाळा’ ऐकू येत होतं. एकदाही ‘ऐकू येतंय का?’ नाही. तासाभराने बाहेर आली तेव्हा म्हणाली, ‘आज मी त्यांना रागावलेसुद्धा! इतके दिवस भीती वाटायची, रागावेन आणि मध्येच तुटेल.’ गेलेल्या तिघांपैकी दोन मुलं पुढच्या महिन्यात परत आली. तिसऱ्याने फुटबॉल सुरू केलाय. त्याला आपण काय करणार!

भाड्याच्या घराचं काय?

तुम्ही म्हणाल, तुमचं ठीक आहे, स्वतःचं घर आहे. आमचा वाकडचा टू बीएचके भाड्याचा, मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. कबूल. मग चपटी केबल घ्या. ती स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या फटीतून निमूट जाते आणि घर सोडताना गुंडाळून नेता येते. तेही शक्य नसेल तर मेश. त्यातही जमल्यास असा संच बघा, ज्यात यंत्रांनी आपसात बोलायला वेगळा रेडिओ असतो. दुसरं यंत्र मेलेल्या खोलीत ठेवू नका. जिथे अजून बरी रेंज येते, अशा मधल्या जागी ठेवा. आणि काहीही विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. राउटर टीव्हीच्या मागून, कपाटातून, जमिनीवरून उचला आणि उंच, मोकळ्या जागी ठेवा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

पण त्याच्याही आधी आराखड्याचा एक कागद घ्या. खोल्या काढा, आकडे लिहा आणि प्रत्येक आकड्यासमोर घरातल्या माणसाचं नाव लिहा. मी ते केलं तेव्हा मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की सर्वात चांगला आकडा टीव्हीसमोर होता आणि सर्वात वाईट आकड्यासमोर आईचं नाव होतं. तक्रारही तिचीच सर्वात कमी होती. बऱ्याच घरांत हेच निघेल. स्वयंपाकघर, मागची खोली, आजोबांचा पलंग जिथे आहे तो कोपरा. तिथली माणसं हाका मारत नाहीत. ती खुर्ची उचलून जिथे दोन कांड्या येतात तिथे जाऊन बसतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला दुप्पट वेगाचा प्लॅन विकायला आलं, तर त्याला एवढंच विचारा, ‘हॉलमध्ये नको, मागच्या खोलीत किती येईल ते सांगा!’